रागाचा लगदा

"धन्य आहे बाई तुझी!" असं कुणी म्हटलं की बाइंडरबाईच्या डोक्यात तिडीक जायची. तीन वर्षांत हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं की समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच तिला कळायचं, आता येणार. आधी मान कलती व्हायची, मग आवाज मऊ व्हायचा, आणि मग ते यायचंच. ती नुसतं "हं" म्हणायची. मनात म्हणायची, धन्य कसली डोंबलाची, या ना एक दिवस, धरा ना ती लघवीची बाटली.

एका छापखान्यात ती पुस्तकबांधणीचं काम करायची. एकोणतीस वर्षं झाली होती. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायच्या, पानांचा क्रम लावायचा, शिवायचं, पाठीला खळ लावून दाबाखाली ठेवायचं. हात इतका बसलेला की एखादं पान उलटं लागलं तर डोळ्यांआधी बोटांना कळायचं. छापखान्यात सगळे तिला बाइंडरबाई म्हणत. तेच नाव पुढे गल्लीतही पडलं.

नवरा ट्रक ड्रायव्हर, लांब पल्ल्याचा. धिप्पाड गडी, आवाज असा की शेजारच्या घरातली मांजर पळायची. महिन्यातून चार दिवस घरी यायचा, घर डोक्यावर घ्यायचा आणि पाचव्या दिवशी बोटावर किल्ली फिरवत निघून जायचा. लेकीच्या कांजिण्या, गळकं छप्पर, सासूचं शेवटचं दुखणं, सगळं बाइंडरबाईने एकटीने काढलं. तिने तक्रार केली नाही असं नाही, भरपूर केली. पण ऐकायला माणूस घरात तर हवा! पुढे पुढे तिला त्या एकटेपणाची सवय झाली, आणि खरं सांगायचं तर गोडीही लागली. आपला रेडिओ, आपली खुर्ची, आपल्या वेळेला आपला चहा.

मग एका सकाळी दाढी करता करता ड्रायव्हरच्या हातातून वस्तरा गळाला. तो उचलायला वाकला, तो स्वतःहून पुन्हा उठलाच नाही. उजवी बाजू गेली. सव्वीस वर्षं ज्याचा पाय घरात टिकला नाही, त्याचा पाय आता घराबाहेर पडेना.

वाचाही गेली. पण सगळी नाही, एक शब्द उरला. रस्त्यावर कुणी आडवं घुसलं की खिडकीतून मान काढून तो ओरडायचा, "नालायक!" तेवढा एक शब्द मेंदूच्या कुठल्या सांदीत अडकून राहिला कोण जाणे. डॉक्टर म्हणाले, असं होतं, साधे शब्द जातात आणि शिव्या राहतात. पाणी हवं असलं, नालायक. पाठीला रग लागली, नालायक. दूर नोकरीला असलेल्या लेकीचा फोन आला, पडद्यावर तिचा चेहरा दिसला की डोळे भरून, "नालायक... नालायक..." एकदा तपासणीच्या वेळी मोठ्या डॉक्टरांनी कागदावरून नजर न उचलता "सुधारणा आहे" म्हटलं, तेव्हा त्यांनाही त्याने ठणकावून तेच ऐकवलं. बाइंडरबाईला वाटलं, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा हा माणूस माझ्या मनातलं बोलला.

दिवस कसा जायचा म्हणाल, तर जायचाच नाही. सकाळी त्याचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, मिक्सरमधून काढलेलं जेवण चमच्याचमच्याने भरवायचं. पाण्याने ठसका लागू नये म्हणून त्यात पूड घालून घट्ट करायचं. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा. छापखान्याने तिला अर्ध्या दिवसाचं काम दिलं होतं. तेवढा वेळ एक बाई घरी यायची. तीही वरचेवर दांड्या मारायची. ऐंशी किलोचा देह वळवून वळवून बाइंडरबाईची कंबर धरली होती. कुणी विचारायचं, "आता कसे आहेत ते?" तुम्ही कशा आहात, हे विचारणारं कुणी नव्हतं. विचारलं असतं तरी तिने खरं सांगितलं नसतं. खरं हे होतं की ती संतापलेली होती. सकाळी डोळा उघडायच्या आधी संताप जागा व्हायचा आणि दिवसभर तिच्या मागे मागे फिरायचा.

दर रविवारी नणंद यायची. ड्रायव्हरची थोरली बहीण, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, अजूनही सगळ्या जगाला वर्गात बसवणारी. खुर्ची ओढून भावाच्या उशाशी बसायची, दोन फळं ठेवायची, आणि तासभर बोलायची. उशी सरळ करायलाही कधी उठली नाही.

"तू म्हणून करतेस गं," ती म्हणायची. "दुसरी असती तर माहेरी निघून गेली असती. आजारपण म्हणजे परीक्षा असते. तू पहिल्या नंबराने पास होणार बघ."

"ताई, पुढच्या रविवारी दोन तास थांबाल का? मला जरा बाहेर..."

"अगं, मला कुठलं जमायला? माझे गुडघे!"

गुडघे तिला जिन्याचे दोन मजले चढू द्यायचे, पण भावाजवळ दोन तास बसू द्यायचे नाहीत.

अशाच एका रविवारी नणंदेने एक पुस्तक आणलं. गुळगुळीत मुखपृष्ठ, त्यावर दोन जोडलेले हात, आणि नाव ‘सेवेतला आनंद’. "रोज दोन पानं वाच," ती जाताना बजावून गेली, "मन शांत होईल."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला सांभाळणारी बाई आली नाही. छापखान्यात घाईचं काम, फोनवर फोन. दुपारी भरवताना ड्रायव्हरने तोंड मिटलं. तिने चमचा पुढे केला, त्याने मान फिरवली. तिने पुन्हा केला. तेव्हा त्याने तोंडात होतं नव्हतं ते सगळं तिच्या तोंडावर थुंकलं आणि डाव्या हाताने वाटी उडवली.

"नालायक!"

बाइंडरबाईचा हात वर गेला. तो हात तिने स्वतःच पाहिला, डोक्याच्या वर, पंजा उघडा. ड्रायव्हरने डोळे गच्च मिटले होते. मार बसणार हे त्याने गृहीत धरलं होतं.

हात खाली आला तो त्याच्यावर नाही. उशाला ते पुस्तक पडलं होतं. तिने ते उचललं, मध्यावर उघडलं आणि उभं फाडलं. ज्या हातांनी जन्मभर पुस्तकं शिवली त्यांना पुस्तक कुठून उसवतं हे नेमकं ठाऊक होतं. पाठ सोलली, दोरे तोडले, पानं सुटी केली, आणि एकेक पान घेऊन चिंध्या करत सुटली. बांधणीही भिकार होती, त्याचा तिला आणखी राग आला. ‘आनंद’ फाडला, ‘त्याग’ फाडला, ‘संयम’ तर बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यांत फाडला. सगळं अंग पुसायच्या बादलीत कोंबलं. वरून दोन्ही मुठींनी ठोसे मारले. पाणी अंगावर उडत होतं आणि ती मोठमोठ्याने बोलत होती. काय बोलत होती ते तिला नंतर आठवलं नाही.

दम लागला तेव्हा ती थांबली. बादलीत करड्या रंगाचा गोळा झाला होता. तिने मूठभर उचलून पिळला. कागदाचा लगदा. खळ घातली तर हा दगडासारखा वाळतो, तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी छापखान्यातून तिने डबाभर खळ आणली. पातेलं उपडं घातलं, त्यावर लगदा थापला आणि बोटांनी दाबत, ओढत, चिमटे काढत बसली. काय करायचं हे ठरवलं नव्हतं. तासाभराने पातेल्यावर एक तोंड तयार झालं होतं. चेहरा कमी, तोंडच जास्त. उघडं, गोल, आतून अख्खी मूठ जाईल एवढं. वरती दोन बारीक डोळे, मान कलती.

खिडकीत वाळत ठेवलेला तो मुखवटा ड्रायव्हरने पाहिला. बराच वेळ पाहिला. मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "नालायक." आपली बहीण त्याने बरोबर ओळखली होती आणि ते त्याला अजिबात आवडलं नव्हतं.

"ओरडा," बाइंडरबाई म्हणाली. "काढणार नाही मी तो."

त्यानंतर घरात मुखवटे वाढत गेले. छापखान्यातली कातरण, म्हणजे कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या, ती पिशवी भरभरून आणायची. ड्रायव्हर दुपारी झोपला की अर्धापाऊण तास मिळायचा, तेवढ्यात बसायची. मोठे डॉक्टर केले, त्यांना डोळेच ठेवले नाहीत. फोनवरून "आई, बाबांना फिरवून आणत जा ना" सांगणारी लेक केली, तिचा चेहरा चौकोनी, पडद्याएवढा, आणि कान नाहीत. ते करताना तिला वाईटही वाटलं, पण हात थांबले नाहीत. गल्लीतले सगळे धन्यवाले एकाच मुखवट्यात बसवले, सात तोंडं एकावर एक. कुणी समजेल की हे करून तिचा राग निवायचा. तसं काही नव्हतं. राग होता तेवढाच राहायचा, फक्त त्याला आता बसायला जागा झाली होती. आधी तो तिच्या मानेवर बसायचा, आता भिंतीवर टांगलेला असायचा. आणि एक झालं, तिचा हात पुन्हा तसा वर गेला नाही.

एका दुपारी ती पलंगाशेजारी बसून कातरण फाडत होती. ड्रायव्हर जागा होता. त्याने डावा हात पुढे करून तिच्या मांडीवरचा कागद खेचला.

"काय हवंय? पाणी?"

त्याने कागदाचं एक टोक दातात धरलं, दुसरं डाव्या हातात, आणि हिसडा दिला. कागद टरकन फाटला. त्याने तुकडा थुंकला, दुसरा कागद मागितला. तोही फाडला. मग तिसरा. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, तोंडातून लाळ गळत होती, आणि प्रत्येक हिसड्याला तो तोच शब्द म्हणत होता, पण तिला नाही, तिच्याकडे तर तो बघतही नव्हता. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. पांघरुणावर मेल्यासारख्या पडलेल्या त्या हाताला तो शिव्या घालत होता.

बाइंडरबाईने हातातला कागद खाली ठेवला. तीन वर्षं तिला वाटत होतं, या घरात राग आपल्या एकटीच्या मालकीचा आहे. या माणसाने मजेत जग फिरून घेतलं आणि आता मजेत पडून सेवा घेतोय, असंच तिच्या मनाने धरलं होतं. तिने लाळ पुसली आणि कातरणीची अख्खी पिशवी त्याच्या पोटावर ओतली. तेव्हापासून कागद फाडायचं काम त्याचं. दातांनी फाडलेल्या कागदाचा लगदा जास्त मऊ होतो, हेही तिला कळलं. याचा अर्थ दोघांत फार गोडवा आला असा नाही. जेवताना तो अजून थुंकायचा. ती अजून ओरडायची. "तुमच्यामुळे माझी कंबर गेली, ड्रायव्हरसाहेब!" पण आता ती त्याला तोंडावर सांगायची, आणि तोही तिला तोंडावर उत्तर द्यायचा, त्याच्या एका शब्दात. भांडण निदान दोघांचं झालं.

इस्पितळातून महिन्याला एक समुपदेशक मॅडम घरी यायच्या. भिंतीवरचे अकरा मुखवटे पाहून त्या उभ्याच राहिल्या. "अहो, हे केवढं विलक्षण आहे! आपण प्रदर्शन करतोय, घरी रुग्णांची काळजी घेणाऱ्यांच्या कलेचं. तुमचे मुखवटे हवेतच." बाइंडरबाई आधी नको म्हणाली. मग तिला वाटलं, का नको?

प्रदर्शन इस्पितळाच्या सभागृहात होतं. ड्रायव्हरला चाकाच्या खुर्चीतून नेलं. दाराशीच मोठा फलक, ‘सेवेचे रंग’. कुणी फुलं रंगवली होती, कुणी भरतकाम केलं होतं, कोपऱ्यात मंद संगीत. बाइंडरबाईचे मुखवटे एका भिंतीवर नीट टांगले होते आणि खाली छापलेलं कार्ड, ‘पतीच्या सेवेत या माउलीला कलेतून शांती गवसली.’

तिने कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते भिंतीवरून ओढून काढलं.

"अहो, काय करताय?" मॅडम धावत आल्या.

"हे कुणी लिहिलं?"

"आम्हीच... सगळ्यांसाठीच लिहिलंय. छान वाटतं वाचायला."

"मला विचारलंत?"

"नाही, पण भावना तर..."

"माझी भावना तुम्हाला काय माहीत?" तिचा आवाज चढला. लोक वळून बघायला लागले. "शांती बिंती काही गवसलेली नाही मला. मी चिडलेय. सकाळी उठते तेव्हा चिडलेली असते आणि झोपते तेव्हाही चिडलेली असते. या सगळ्या तोंडांवर चिडलेय, म्हणून ती केली. माउली काय? माउली म्हटलं की माणसाला सुट्टी लागत नाही, कंबर दुखत नाही, होय ना? मला धन्य म्हणू नका. मला रविवारी चार तास द्या!"

फुलं रंगवणारा एक म्हातारा, ज्याची बायको आठ वर्षं अंथरुणात होती, तो हळूच पुढे आला. त्याने आपल्या चित्राखालचं कार्ड काढलं आणि खिशात घातलं.

आणि नेमकी तेव्हाच नणंद, भावजयीचं कौतुक बघायला म्हणून आलेली, पहिल्या मुखवट्यासमोर उभी होती. उघडं गोल तोंड. बारीक डोळे. कलती मान. तिने आपली मान सरळ केली.

"ही मी आहे?"

"हो, ताई."

"माझं तोंड एवढं मोठं आहे?"

बाइंडरबाई काही बोलायच्या आत खुर्चीतून ड्रायव्हर खदखदून हसला. तीन वर्षांत पहिल्यांदा. ज्या मुखवट्यावर तो स्वतः चिडला होता, त्यावरच हसला. नणंदेचा चेहरा लालबुंद झाला आणि ती तडक निघून गेली.

तीन रविवार ती फिरकली नाही. बाइंडरबाईला चुटपुट लागली नाही असं नाही, पण माफी मागायला ती गेली नाही. चौथ्या रविवारी दुपारी दारावर थाप पडली. नणंद उभी होती, फळांशिवाय.

"मला फार राग आलाय तुझा," ती आत न येताच म्हणाली.

"येऊ दे."

"चारचौघांत अपमान केलास. मी या माणसाला अंगाखांद्यावर खेळवलंय, कळलं? मला त्याच्याकडे बघवत नाही. म्हणून बोलत बसते. गप्प बसले की रडू येतं मला." तिचा आवाज चिरका झाला. "आणि गुडघे खरंच दुखतात."

"माझी कंबर दुखते."

मग नणंद आत आली आणि पर्स टेबलावर आपटली. "सांग काय काय करायचं ते. चार तास म्हणालीस ना? पण एक सांगते, बाटलीबिटली मला जमणार नाही."

"जमेल. मला कुठे जमत होती?"

बाइंडरबाईने तिला सगळं दाखवलं. चादर सरकवून कुशीवर कसं वळवायचं, पाण्यात पूड किती, चमचा डाव्या गालाकडून कसा द्यायचा. नणंदेने एका चिठ्ठीवर नंबर घालून लिहून घेतलं. पलंगावरून ड्रायव्हर दोघींना उद्देशून त्याचं एकमेव मत सांगत होता. "गप रे," नणंद म्हणाली, आणि तिने बाह्या वर केल्या.

बाइंडरबाई रस्त्यावर आली तेव्हा तिला कळेना कुठे जावं. छापखाना बंद. मैत्रिणी केव्हाच तुटलेल्या. कोपऱ्यावर बस उभी होती, ती चढली.

"कुठलं तिकीट?" कंडक्टरने विचारलं.

"ही कुठे जाते?"

"शेवटी धरणापर्यंत."

"मग धरणाचं द्या."

खिडकीची जागा मिळाली. घरं मागे पडायला लागली, आणि ती मनातल्या मनात भांडायला लागली, नणंदेशी, लेकीशी, डॉक्टरांशी, सव्वीस वर्षं अशाच एका खिडकीत बसून वारा खाल्लेल्या नवऱ्याशी. त्याच्याशी भांडता भांडता तिला झोप लागली. अशी गाढ की शेवटच्या थांब्यावर कंडक्टरला दोनदा हाक मारावी लागली. उतरून ती धरणाच्या भिंतीवर बसली. समोर नुसतं पाणी. कुणी काही मागत नव्हतं. एक बस गेली. दुसरी गेली. तिसरीत ती बसली.

घरी पोचली तेव्हा चारचे साडेपाच तास झाले होते. नणंदेने दार उघडलं. तिचे केस विस्कटले होते, कपड्यांवर सांडलेल्या जेवणाचे डाग होते, डोळे रडून सुजले होते.

"उशीर झाला तुला," ती म्हणाली.

"हो, झाला," बाइंडरबाई म्हणाली. तिने चपला काढल्या, हात धुतले आणि विचारलं, "शेवटचं कधी वळवलंत त्यांना?"